साडूचं मीटर

माझ्या साडूने मला फसवलं, आणि त्याच्या शब्दावर विसंबून मी माझ्या ऑफिसातल्या अक्कांवर चोरीचा आळ घेतला. पहिली गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. दुसरी सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

सोलापुरात माझं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं वर्कशॉप आहे. अठरा मशिनी, दोन कटिंग मास्तर, वर पत्र्याचं ऑफिस. सतराव्या वर्षी सांगोल्याकडून आलो तेव्हा कटिंग टेबलाखालच्या चिंध्या गोळा करायचं काम मिळालं होतं. तिथून इथवर मी कुणाच्या उपकारावर आलो नाही, घासाघीस करत आलो. कापडवाला, बटणवाला, ट्रान्सपोर्टवाला, कुणाचाही पहिला भाव मी आजवर कबूल केलेला नाही. माझा आवाज चढतो हे खरं आहे, पण चढलेल्या आवाजावर माझे बरेच पैसे वाचले आहेत.

हे मी वडिलांकडून शिकलो. ते शेळ्यामेंढ्या बाजारात न्यायचे. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. वडील मला एकच सांगायचे, सौदा पुरा होईतो हात सोडायचा नाही. हात सुटला की बोलणं मोडलं, आणि आधी कबूल केलेला आकडा समोरचा साफ नाकारतो. धंद्यात मी हेच पाळलं. कुठल्याही व्यापाऱ्याशी फोन असो की व्हॉट्सअ‍ॅप, जुनं बोलणं पुसायचं नाही, नवीन सुरू करायचं नाही. चार वर्षांपूर्वी काय ठरलं होतं ते त्याच धाग्यात वर सरकवून दाखवायचं.

या सवयीनेच मला खड्ड्यात घातलं, पण ते पुढे.

अक्का माझ्याकडे अकरा वर्षं होत्या. शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकर घरातल्या. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी शिकते आहे. तेलुगू घरचं, मराठी शाळेचं, हिंदी बाजाराचं आणि इंग्रजी स्वतःच्या हिकमतीने कमावलेलं. माझी निम्मी गिऱ्हाइकं आंध्र, कर्नाटक आणि केरळमधल्या शाळा. कुठल्या शाळेचा हिरवा बाटलीसारखा गडद आणि कुठला जरा उजळ, कुठल्या कॉलरला पायपिंगची बारीक किनार, कुठल्या फ्रॉकला खिसा डावीकडे, सगळं अक्कांच्या डोक्यात. मास्तर कात्री लावायच्या आधी जिन्यातून वर ओरडायचा आणि अक्का मान वर न करता सांगायच्या.

गेल्या पावसाळ्यात माझे साडू ऑफिसात आले. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. शहरात त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, प्रिंटर आणि बिलाच्या मशिनी विकतात. या खेपेला त्यांनी चॅटबॉट आणला होता. एका कंपनीकडून ठोक भावात घ्यायचं, इंटरनेटवर आपल्या दुकानाच्या नावाचं पान लावायचं आणि आमच्यासारख्यांना वापराप्रमाणे द्यायचं, असा त्यांचा नवा धंदा. मल्याळममधलं पत्र मराठीत करून दाखवलं, मराठीतलं कन्नडमध्ये. मी हरखून गेलो, खोटं कशाला सांगू. केरळच्या पत्रांसाठी मला दर वेळी कुणाला तरी धरावं लागायचं.

दर विचारला तर म्हणाले, "पाव्हणं, तुमच्याकडनं मी कमवीन व्हय? जेवढं वापराल तेवढं मीटर पडंल."

दोन वर्षांचा करार होता. मी न वाचता सही केली. सासूबाई त्यांच्याकडे राहतात. माझ्या घराला जिना आहे आणि त्यांचे गुडघे गेलेत, म्हणून गेली सहा वर्षं त्यांचं सगळं थोरली करते. त्या घरच्या माणसाशी दोन पैशांवरून वाद घालायचा कसा? आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस केली नाही, ती इथे.

अक्कांनी ते यंत्र आठवड्यात हाताखाली घातलं. त्यांची पद्धत अशी: शाळा बदलली की नवीन गप्पा, म्हणजे नवीन चॅट, उघडायच्या, त्या शाळेची माहिती एका पानात लिहून वर चिकटवायची, जे हवं ते एकदम विचारायचं आणि काम झालं की बंद. मी मागे उभा राहून बघितलं आणि माझं डोकं सणकलं. मला वाटलं, ही बाई रोज हात सोडते आहे. काल ज्या यंत्राने एक गोष्ट कबूल केली त्याला आज काहीच आठवू नये? मी हुकूम काढला की आजपासून सगळं एकाच ठिकाणी, त्याच गप्पांत, आणि त्या कधीही बंद करायच्या नाहीत. शाळांची ती सुटी पानं कशाला हवीत, सगळं आत आहेच, पुसून टाका.

अक्का म्हणाल्या, "शेठ, एकेक शाळा वेगळी ठेवलेली बरी असते."

मी म्हणालो, धंदा मला शिकवू नका. त्यांनी पुसलं.

मग मीही रोज सकाळी त्या यंत्रासमोर बसायला लागलो. आधी नमस्कार, मग कालचं काय राहिलं, मग पत्र. पहिला मसुदा मी कापडवाल्याच्या पहिल्या भावासारखाच परत करायचो. अजून जरा गोड कर. अजून जरा आखूड कर. आता मुख्याध्यापकांचा मान ठेवून, पण आपलाही राहील असं कर. एकेका पत्राला दहाबारा फेऱ्या व्हायच्या. शेवटचं पत्र पुष्कळदा दुसऱ्या मसुद्यासारखंच असायचं, पण हे यंत्र कंटाळत नव्हतं, चहा मागत नव्हतं, उठून जात नव्हतं. इतका सोशिक व्यापारी मला जन्मात भेटला नव्हता. त्याच गप्पांत मी कापडाच्या दरांची अख्खी यादी टाकली, जुना सगळा पत्रव्यवहार टाकला. आठवड्यागणिक त्या लांबत गेल्या, मारुतीच्या शेपटासारख्या.

बिलही लांबत गेलं. पहिल्या महिन्याचं हातात मावणारं होतं. दिवाळीपर्यंत ते एका शिलाईवालीच्या पगाराएवढं झालं आणि त्यानंतरच्या महिन्यात त्याच्याही पुढे गेलं. काम तेवढंच होतं, शाळा त्याच होत्या. मी खाली मशिनींवर जाऊन दोऱ्याचे तुकडे फुकट घालवता म्हणून बायकांवर ओरडत होतो आणि वर हे चाललेलं.

साडूंना फोन केला. बिल असं का फुगतंय, असं सरळ विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या बाई दिवसभर लिवत्यात की. बघा जरा. पोरीचा अभ्यास बी त्याच्यावरच चालत असंल."

डोक्यात ठिणगी पडायला एवढं पुरे होतं. दुपारी जेवणाची सुट्टी होती, बायका खाली डबे सोडत होत्या. मी जिन्यातच उभा राहून अक्कांना विचारलं, माझ्या पैशावर मुलीला शिकवता का? अक्का भाकरी मोडत होत्या. त्यांनी हात पुसले. त्यांनी असं काही केलेलं नाही, हवं तर उघडून बघा, असं त्या म्हणाल्या. मी बघितलं नाही. चोरी करणारा असंच म्हणतो, असं मी म्हणालो. हे वाक्य अठरा बायकांनी ऐकलं. अक्कांनी डबा बंद केला, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेल्या. महिन्याचा पगार न्यायलाही आल्या नाहीत. मी तो पाठवला, तर मोजून घेतल्याची सही आली, दुसरा शब्द नाही.

पुढचा महिनाभर यंत्राला फक्त मी हात लावला, आणि बिल आणखी वाढलं.

ते बिल मी यंत्राशेजारी ठेवलं. बाजारात शेळीला कुणी भाव विचारत नाही, दलालाला विचारतात. आठ महिने मी तेच केलं होतं. यंत्राला त्याच्याबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी रागाच्या भरात लिहिलं, "तू एवढा महाग का पडायला लागलास? खरं सांग."

उत्तर पुस्तकी मराठीत आलं. मतलब असा की तुमचं बिल मला दिसत नाही, त्यामुळे तुमच्या पुरवठादाराने आकारणी कशी केली ते मी सांगू शकत नाही. पण अशा सेवांमध्ये साधारणपणे वाचलेल्या आणि लिहिलेल्या मजकुरावर पैसे लागतात, आणि तुम्ही नवीन वाक्य लिहिता तेव्हा या संवादातला आधीचा मजकूरही मला पुन्हा वाचावा लागतो. हा संवाद फार लांब झाला आहे. प्रत्येक कामाला नवीन संवाद सुरू केला, लागणारी माहिती थोडक्यात वर दिली आणि सगळ्या सूचना एकदम सांगितल्या, तर खर्च पुष्कळ कमी होईल.

मी सकाळी "नमस्कार" लिहीत होतो, आणि तेवढ्यासाठी ते आठ महिन्यांची बाडं उघडून पहिल्या पानापासून वाचत होतं, माझ्या पैशाने. पत्र "अजून जरा गोड" करायला पुन्हा पहिल्यापासून. त्यात दरांची यादी, त्यात सगळ्या शाळा. आणि ही जी काटकसर ते सांगत होतं ती अक्कांची पद्धत होती, शब्दाला शब्द. मी बंद पाडलेली.

मी जिद्दीचा माणूस आहे. त्या दिवसापासून यंत्राला तोलून मापून वापरायला शिकलो. शाळेगणिक वेगळ्या गप्पा. नमस्कार बंद, आभार बंद. आधी कागदावर लिहून काढायचं की मला नक्की काय हवंय, मग एका दमात सांगायचं: कुणाला, कुठल्या भाषेत, किती ओळी, सूर कसला. पत्रातली एक ओळ आवडली नाही तर तेवढीच ओळ दुरुस्त करून मागायची, पूर्ण पत्र पुन्हा लिहायला लावायचं नाही. बेरजा त्याला सांगायच्या नाहीत, कॅल्क्युलेटर मेला नाही. दरवर्षी तेच जातं ते पत्र एकदा करून कॉम्प्युटरात ठेवायचं आणि तारीख हाताने बदलायची. साध्या भाषांतराला साडूंच्या त्या पानावरच एक हलका, स्वस्त प्रकार होता, तो निवडायचा. ही सोय पहिल्या दिवसापासून तिथे होती. साडूंनी मला फक्त महागाचं दाखवलं होतं.

महिन्याअखेरीस वापराचा आकडा निम्म्याच्याही खाली आला. बिल मात्र निम्म्यावर आलं नाही. करारात किमान आकाराचं कलम होतं आणि ते किमान मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीवर ठरायचं. म्हणजे मी मूर्खासारखा जेवढा उधळलो होतो त्याच्या मापाने मला पुढेही भरायचं होतं, वापरो न वापरो. सोडावं म्हटलं तर दोन वर्षांची सही, आणि शाळांची सगळी माहिती साडूंच्या पानाच्या आत. मी दार शोधत होतो आणि प्रत्येक दाराला माझ्याच सहीचं कुलूप होतं.

रविवारी त्यांच्याकडे जेवायला होतो. सासूबाई खुर्चीवर, थोरली गरम भाकऱ्या वाढत होती. मी ठरवून गेलो होतो की आवाज चढवायचा नाही. जेवण होईतो चढवला नाही. मग विचारलं, जुन्या गप्पा दर वेळी पुन्हा वाचल्या जातात हे तुम्हाला ठाऊक होतं का?

साडू बडीशेप चघळत म्हणाले, "पाव्हणं, रिक्षात बसल्यावर मीटर कसं पळतंय ते ड्रायवर सांगतो व्हय? तुमी तरी कदी विचारलं?"

"विचारलं होतं. तवा तुमी अक्काचं नाव घेतलं."

"मग त्या लिवत व्हत्या का न्हाई?" ते हसले. "मी काय खोटं बोललो?"

माझ्या हातातला तांब्या मी जमिनीवर जोरात ठेवला. सासूबाई दचकल्या. थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिने माझ्याकडे न बघता तिच्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे बघितलं. त्या बघण्यात सहा वर्षांच्या आंघोळी होत्या, औषधं होती, रात्रीची उठणी होती. माझी बायको उठली आणि म्हणाली, चला, वर्कशॉपला उशीर होतोय. रविवारी वर्कशॉप बंद असतं हे सगळ्यांनाच माहीत होतं.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अवो, आई तितं हाय. तुमी भांडून मोकळं व्हाल. मी कुटल्या तोंडानं जाऊ तिला भेटायला?"

मी हमालाशी भांडलो, बँकेच्या साहेबाशी भांडलो, भर बाजारात शिव्या देऊन उठून गेलो आहे. उठून जाता येणं हीच माझी ताकद होती. समोरच्याला माहीत असायचं की हा माणूस निघून जाईल, आणि म्हणून भाव खाली यायचा. इथे मी उठून जाऊ शकत नाही, आणि साडूंना ते सही घेतली त्या दिवसापासून माहीत होतं.

आता सीझन तोंडावर आहे. मार्चपासून मशिनी थांबत नाहीत. मी त्या लांबलेल्या गप्पांमधून शाळांची पानं परत काढायला बसलो. यंत्राला सांगितलं, प्रत्येक शाळेचं एकेक पान करून दे. त्याने दिली, सुबक, मुद्देसूद. पहिली तीन तपासली तर दोन शाळांच्या कॉलर एकमेकींना लावलेल्या. मी विचारलं तेव्हा त्याने कबूल केलं की संवाद इतका मोठा झाला आहे की सुरुवातीचा भाग आता त्याच्या आवाक्यात राहिलेला नाही, आणि ही माहिती कुणा जाणकाराकडून तपासून घ्यावी. म्हणजे ज्यासाठी मी हात सोडला नव्हता तेच हातातून गेलं होतं. जाणकार म्हणजे कोण, ते मला यंत्राने सांगायची गरज नव्हती. खाली मास्तर कात्री घेऊन उभा होता, हिरव्याचे दोन तागे पुढ्यात, आणि विचारत होता की कुठला लावू.

मी पूर्व भागात गेलो. अक्कांच्या गल्लीत दोन घरांआड यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, त्यामुळे माफी मागायलासुद्धा मोठ्याने बोलावं लागलं. एका परीने बरंच झालं, आळही मी मोठ्यानेच घेतला होता. दारात उभा राहून सांगितलं की तुमची पद्धत बरोबर होती, माझा हुकूम चुकीचा होता, साडूंनी तुमचं आणि मुलीचं नाव घेतलं ते मी न तपासता खरं मानलं, आणि चोरी कुणी केलीच असेल तर ती तुम्ही नाही. पगार वाढवतो म्हणालो. किती, तोही आकडा सांगितला. सवयीने मी थोडा हातचा राखला होता. अक्कांनी ते ओळखलं आणि ओळखल्याचं दिसूही दिलं.

त्या आता एका टॉवेलच्या कारखान्यात लिहिण्याचं काम करतात. मुलगी आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. अक्कांनी मला बसा म्हटलं, पाणी दिलं.

"शेठ, पगाराचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "तुम्ही चुकलात म्हणालात, मी ऐकलं. पण तुम्ही ते तुमच्या मनानं बोलला नव्हतात. ज्यांनी तुमच्या कानात घातलं, त्यांना येऊ द्या. जिथं तुम्ही बोललात त्या जिन्यात उभं राहून त्यांनी सांगावं, की मी असं काही केलं नव्हतं. सगळ्या बायका असताना. माझ्या मुलीचं नाव घेतलं होतं त्यांनी. दुसऱ्या दिवशी मी येते."

मी म्हटलं, ते येणार नाहीत, दुसरं काही मागा. त्या म्हणाल्या, मग दुसरं काही नको.

मी त्यांच्याशी घासाघीस केली नाही. तो पहिलाच भाव मला योग्य वाटला.

साडूंना तीन वेळा निरोप पाठवला. पहिल्यांदा दुकानात गर्दी होती. दुसऱ्यांदा ते पंढरपूरला गेले होते, गिऱ्हाइकाच्या मशिनी बसवायला. तिसऱ्यांदा थोरलीने फोन उचलला आणि म्हणाली की भाऊजी, एका कामाच्या बाईसाठी घरात किती दिवस लावून धरणार? बायको शेजारीच होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि आईचा ताप उतरला का, ते विचारलं.

म्हणून हे लिहून ठेवतो आहे, आणि याची एक प्रत त्यांच्या दुकानात देणार आहे. बायकोला वाचून दाखवलं. ती नको म्हणाली नाही, आत निघून गेली.

तर साडूभाऊ, ऐका. कराराचे पैसे मी दोन्ही वर्षं भरीन. सही माझी आहे, न वाचता केली हा गुन्हाही माझा. किमान आकार लावा, सूट मागणार नाही. सासूबाईंचा यात संबंध आणू नका, मीही आणणार नाही. येत्या दिवाळीनंतर त्यांना आम्ही न्यायला तयार आहोत, खालच्या मजल्यावरची मालाची खोली रिकामी करतो आहे. त्याबद्दल माझं काहीही मागणं नाही.

मला एकाच गोष्टीचं उत्तर हवं आहे, आणि तेही मला देऊ नका. बिल का फुगतं ते तुम्हाला माहीत होतं. माहीत असताना तुम्ही एका बाईचं आणि तिच्या शिकणाऱ्या मुलीचं नाव घेतलंत, कारण ते तुम्हाला सोपं गेलं. जेवणाच्या सुट्टीत या. जिन्यात उभे राहा आणि अठरा बायकांसमोर अक्कांना सांगा, तुम्ही त्यांचं नाव का घेतलंत?